चांदण्यातलं मिठागर आणि आपले दोन कॅमेरे

कुंदा,

काल पौर्णिमा होती. सवयीने मी दुपारीच कॅमेऱ्याची बॅटरी चार्जिंगला लावली आणि मग लक्षात आलं की आज कुठे जायचं नाहीये. तरी काढली नाही. दिवा हिरवा होईपर्यंत तशीच राहू दिली. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बघ, तुझ्या कॅमेऱ्याला आधी जेवायला घालावं लागतं. माझा उपाशीपोटी काम करतो." हे तू मला प्रत्येक पौर्णिमेला ऐकवायचीस आणि मी प्रत्येक पौर्णिमेला चिडायचे. काल कुणी ऐकवलं नाही, तेव्हा घरात जरा जास्तच शांत वाटलं.

तुला जाऊन महिनाही झाला नाही. त्या दिवशी सकाळी तुझ्या भावाचा, वसंतदादांचा फोन आला. "नीलिमा, कुंदा गेली गं," एवढंच बोलले आणि फोन तुझ्या वहिनीकडे दिला. आंघोळीला पाणी काढलं होतंस, छातीत दुखतंय म्हणालीस आणि खाटेवर बसलीस ती बसलीसच. इतकी घाई तू आयुष्यात कशालाच केली नव्हतीस. एका फोटोसाठी अख्खी संध्याकाळ बसून राहणारी बाई तू.

आपली ओळख भांडणातूनच झाली. मी भाईंदर ईस्टच्या एका छोट्या प्रेसमध्ये कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका लावायचे. एका पार्टीला पत्रिकेवर नवरानवरीचा फोटो हवा होता, फोटो तुझ्या स्टुडिओतला होता आणि प्रिंट फारच लहान होती. निगेटिव्ह मागायला मी केबिन रोडवर तुझ्या दुकानात आले. तू कुणाचा तरी पासपोर्ट फोटो कापत होतीस. तुझ्या मागे भिंतीवर हार घातलेल्या जोडप्यांच्या रांगेत मधेच एक वेगळा फोटो होता. पांढऱ्या राशी, काचेसारखं पाणी, निळसर आभाळ आणि आभाळात ताऱ्यांच्या बारीक रेघा.

"हे कुठलं?" मी विचारलं.

"आमचं मिठागर. वेस्टला."

"रात्रीचं? मग इतकं दिसतंय कसं?"

"चांदणं आहे ना. शटर उघडं ठेवायचं आणि वाट बघायची. फिल्म हळूहळू पिते सगळं."

मी नुकताच डिजिटल कॅमेरा घेतला होता. कुणाला तरी सांगायचंच होतं. म्हटलं, "माझ्याकडे डिजिटल आहे. त्याच्यावर लगेच दिसेल हे."

तू कात्री खाली ठेवलीस आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलंस. "दिसेल की. पण ते चांदणं नसेल."

निगेटिव्ह घेऊन मी प्रेसवर परत गेले ती चहा थंड होईपर्यंत तुला मनातल्या मनात उत्तरं देत होते. दुसऱ्या दिवशी ती उत्तरं द्यायला परत आले. तेव्हापासून येतच राहिले.

मिठागरात रात्री जायचं म्हटल्यावर माझ्या आईने हात जोडले होते. रत्नागिरीच्या गावात वाढलेली ती. मीरा रोडला नया नगरच्या अलीकडे आमची जागा, आणि तिच्या दृष्टीने स्टेशनच्या पलीकडे सगळं रानच. "रात्रीच्या वेळी दोन बायकांनी तिथे काय करायचं?" असं तिचं म्हणणं. मग तू मला सांगितलंस, "आईला सांग, माझी आई पण असते बरोबर." ते खरं निघालं. वसंतदादांच्या टेम्पोतून आपण तिघी उतरलो. तू ट्रायपॉड घेऊन, मी बॅग घेऊन आणि तुझी आई, जिला मी मावशी म्हणायचे, घडीचं स्टूल, शाल आणि चहाचा थर्मास घेऊन. मिठागरातल्या झोपडीतली माणसं मावशींना नावाने ओळखत होती. आईला घरी येऊन सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हातारीला थंडीत बसवता? लाज वाटत नाही?" म्हणजे तिची भीती गेली होती.

त्या पहिल्या संध्याकाळी तुझी पद्धत बघून मला गंमत वाटली. ऊन असतानाच तू पोचलीस. बांधावर एक जागा निवडलीस, ट्रायपॉड रोवलास, फ्रेम लावलीस, फोकस केलास आणि लेन्सच्या कड्याला चिकटपट्टी लावून टाकलीस, हलू नये म्हणून. मग सूर्य बुडाला, चंद्र वर आला, चांगला वर चढला आणि तू मात्र त्या ट्रायपॉडपासून हललीच नाहीस. मी इकडे या बांधावरून त्या बांधावर, रास समोर घे, रास मागे घे, झोपडी घे, खाडी घे. दर मिनिटाला क्लिक, दर मिनिटाला स्क्रीन. चार ठिकाणी माझा फोकस चुकला होता, कारण अंधारात कॅमेऱ्याला काही पकडताच येईना. तू केबलचं बटण दाबून शटर उघडलंस, पेच फिरवून ते तसंच अडकवलंस आणि मावशींच्या शेजारी बसून चहा घेतलास.

मावशींनी माझ्याकडे बघून तुला सांगितलं, "ह्या पोरीचा कॅमेरा जाम घाईचा हाय."

"कॅमेरा न्हाय आये, पोरगी घाईची हाय," तू म्हणालीस. घरच्या भाषेत तू बोललीस ते मी पहिल्यांदाच ऐकलं. दुकानात तू माझ्याशी माझ्यासारखं बोलायचीस आणि गिऱ्हाइकाशी हिंदीत.

मावशी त्या रात्री सांगत होत्या, "उन्हाल्यान दिवसा पाय भाजाचं. मंग आमी चांदन्यान मीठ खेचाचो. तुजा बाप पुढं, मी मागं." हाताने त्या लाकडी फळी ओढल्यासारखं करून दाखवत होत्या. मला फोटो दिसत होता, त्यांना काम दिसत होतं. तुला काय दिसत होतं ते मला पुढे कळलं.

आपण खरोखरची तुलना केली ती पुढच्या थंडीत. एकाच बांधावर दोन ट्रायपॉड, हाताच्या अंतरावर, एकाच राशीकडे तोंड करून. दोघींच्या लेन्स सारख्याच रुंदीच्या. तू सात-आठ मिनिटं शटर उघडं ठेवलंस. मी मिनिटभरच. माझं झालं, मी दुसरा काढला, तिसरा काढला, स्क्रीन झाकून बसले तरी तुझं अजून चालूच. मी म्हटलं, माझ्या कॅमेऱ्यालाही तेवढाच वेळ देते. दिला. तर मग कॅमेरा आतल्या आत तितकाच वेळ आणखी खात बसला. ठिपके साफ करत होता म्हणे. बॅटरीची शेवटची रेघ लुकलुकायला लागली. तुझ्या जुन्या कॅमेऱ्याला त्यातलं काहीच नको होतं. तू नुसती हसलीस. तेवढं हसणं तुझ्या बाजूने पुरेसं होतं.

तुझा रोल धुऊन यायला आठवडा गेला. मग स्टुडिओत मागच्या खोलीत लाइट बॉक्सवर तुझी स्लाइड आणि शेजारी मी प्रेसमधून काढून आणलेली प्रिंट. तुझ्या फोटोत तारे रेघा झाले होते, पाणी साय धरल्यासारखं गुळगुळीत होतं आणि सगळ्यावर एक निळी-हिरवी झाक होती. माझ्या फोटोत तारे ताऱ्यांसारखे होते, झोपडीच्या कुडाची काठी न् काठी दिसत होती, पण अंधाराच्या भागात लाल-निळे ठिपके सांडले होते, कुणी रांगोळी उडवल्यासारखे.

"तुझा फोटो दुपारचा वाटतो," तू म्हणालीस.

"कारण तो खरा आहे. चांदणं म्हणजे सूर्याचाच उजेड. चंद्रावर आपटून येतो. रंग तोच असणार."

"चांदणं निळं असतं."

"डोळ्याला वाटतं. अंधारात डोळ्याला रंग धड कळत नाहीत म्हणून. आणि तुझी फिल्म जास्त वेळ उघडी राहिली की रंग सोडते. तो तिचा दोष आहे, तुला तो चांदणं वाटतो."

"नीलू, चांदणं निळं असतं. मी बघितलंय."

ते शेवटचं वाक्य तू वेगळ्याच आवाजात म्हणालीस. एवढ्याशा गोष्टीसाठी तो आवाज मोठा होता. मावशी डबा घेऊन आल्या होत्या, आपण त्यांनाच विचारलं. त्यांनी दोन्ही फोटो हातात घेऊन दिव्यासमोर धरले. तुझा बघून म्हणाल्या, "पानी ह्याच्यान बरा आयलाय." माझा बघून म्हणाल्या, "ह्याच्यान झोपडी बरी हाय." आणि डबा उघडला. निकाल काही लागला नाही. पुढेही कधी लागला नाही.

त्यानंतरच्या पौर्णिमेला मावशींचा गुडघा सुजला होता म्हणून आपण दोघीच गेलो. नेहमी तू बांधावरून चालताना मावशींच्या खांद्यावर हात ठेवून चालायचीस. म्हाताऱ्या आईला आधार देतेस असं मी समजत होते. त्या दिवशी तू माझ्या मागे चालत होतीस. तुझा फोटो काढून झाला होता, कॅमेरा तुझ्या छातीशी होता, आपण टेम्पोकडे निघालो होतो. चंद्र डोक्यावर, बांध माझ्या दृष्टीने स्वच्छ पांढरा. मी पुढे जाऊन वळले तर तू सरळ बाजूच्या, पाणी साठवायच्या कुंडीत उतरत होतीस. उतरत म्हणजे पायरी असल्यासारखा पाय टाकलास आणि गेलीस. कंबरेपर्यंत खारं पाणी. दोन्ही हात वर, हातात कॅमेरा.

"आधी हा घे," तू म्हणालीस.

मी कॅमेरा घेतला, मग तुला ओढलं. आपण दोघी बांधावर बसलो. तुझ्या गुडघ्याला खरचटलं होतं आणि त्यावर मिठाचं पाणी. तू दात आवळून बसली होतीस. मी म्हटलं, "एवढा लख्ख बांध आहे कुंदा, तू बघत कुठे होतीस?"

तू हाताने गुडघा पुसलास. मग म्हणालीस, "मला बांध दिसत नाही नीलू. तुझं तोंडही दिसत नाहीये आत्ता."

मग सांगितलंस. कॉलेजात असतानाच संध्याकाळी धडपडायला लागली होतीस. डोळ्यांच्या डॉक्टरांनी रातांधळेपणा सांगितला, जन्माचा, औषध नसलेला, सावकाश वाढत जाणारा. दिव्याच्या उजेडात तू सगळं करू शकत होतीस, स्टुडिओत तर प्रश्नच नव्हता. पण चांदणं तुझ्यासाठी संपलं होतं. एका स्थळाला तू हे स्वतःहून सांगितलंस, त्यांनी बोलणी थांबवली. तेव्हापासून आई सोडून कुणाला सांगितलं नाहीस. वसंतदादांनाही नाही. "कमी दिसणाऱ्या बाईला लग्नाची ऑर्डर कोण देईल?" तू म्हणालीस. त्यात रडण्याचा सूर नव्हता. दुकानदाराचा सूर होता.

मला एकेक उलगडत गेलं. उजेडात फ्रेम लावून ठेवणं, चिकटपट्टी, ट्रायपॉडला धरून बसणं, आईच्या खांद्यावरचा हात. जिला मी फिल्मवाल्यांची शिस्त समजत होते ती तू स्वतःसाठी बांधलेली वाट होती. बटणं बोटांना पाठ होती. आणि तू रोल धुऊन यायची वाट बघायचीस ती माझ्यासारखी फोटो कसा आलाय ते बघायला नव्हे. आपण त्या रात्री कुठे बसलो होतो, ते तुला आठवड्याने दिसायचं.

मला सुचलं ते मी केलं. माझा कॅमेरा काढला, त्याच रात्रीचा एक फोटो स्क्रीनवर लावला आणि तुझ्या हातात दिला. त्यात मिठाच्या राशी होत्या, झोपडी होती, खाडीची चकाकणारी रेघ आणि पलीकडे डोंगरी गावाच्या बाजूचा काळा डोंगर. आणि बांधावर ट्रायपॉडशेजारी बसलेली तू होतीस.

तू तो कॅमेरा डोळ्यांच्या अगदी जवळ नेलास. "हे आत्ताचं?"

"मघाशी, तू चहा पीत होतीस तेव्हाचं."

"पाण्यात झोपडीची सावली पडलीय," तू म्हणालीस. आणि मग, "आत्ता इथे हे असंच आहे? माझ्यासमोर?"

"असंच आहे. डावीकडे रास, समोर झोपडी."

तू कॅमेरा हातात धरून मान वर केलीस आणि डावीकडे बघितलंस, मग समोर. काही न दिसणाऱ्या अंधाराकडे तू ओळखीचं कुणी भेटल्यासारखं बघत होतीस. मग परत स्क्रीन, परत डावीकडे. तुझे ओले कपडे, थंडी, मी उठायची घाई करत होते आणि तू म्हणत होतीस, थांब जरा. त्या वेळी मला वाटलं, झालं, डिजिटल जिंकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझा फोन. मला वाटलं गुडघा दुखतोय म्हणून असेल. तू म्हणालीस, "रात्रभर विचार केला. तरी रंग चुकलाय."

त्या फोनवर मी हसले, पण नंतर मला कळलं की तू निळ्यासाठी का भांडत होतीस. लहानपणी, डोळे धड होते तेव्हा, बापाच्या मागे बांधावर बसून बघितलेलं चांदणं तुझ्याजवळ होतं. ते निळं होतं. तेवढंच तुझ्याजवळ उरलं होतं आणि तुझी फिल्म त्याच्याशी जुळत होती. मग मी त्या रंगावरून वाद घालणं सोडलं का? नाही. तू सोडू दिलं नसतंस. मी एकदा मुद्दाम मवाळ बोलले तर तू म्हणालीस, "कीव करून हरू नकोस माझ्याशी. नीट भांड." म्हणून मी नीट भांडत राहिले. ठिपक्यांवरून, दवाने धुरकटलेल्या लेन्सवरून, मीरा रोडच्या टॉवरचे दिवे तुझ्या फिल्मवर नारिंगी उतरायचे त्यावरून.

पण त्या रात्रीनंतर आपली एक पद्धत ठरून गेली. तू शटर उघडलंस की मी माझा एक फोटो काढून तुला दाखवायचे. "काय काय आहे आज?" तू विचारायचीस. तुझी फिल्म तिकडे सावकाश पीत असायची आणि तू इकडे माझ्या स्क्रीनवर तेच बघत असायचीस. मावशी म्हणायच्या, "दोगींचं येकाच कॅमेऱ्यान भागत न्हाय."

मला तुला एका गोष्टीबद्दल धन्यवाद द्यायचे होते, ते राहून गेले. तू बोलू दिलं नाहीस म्हणूनही राहिले. त्या वर्षी दिवाळीच्या आधी मी दुकानावरून जात होते आणि शोकेसमध्ये, बाळाच्या बारशाच्या आणि नवरीच्या मेंदीच्या फोटोंच्या मधोमध, मला माझा फोटो दिसला. डिजिटल. चांगला हातभर लांब करून, फ्रेम घालून. खाली माझं नाव. तुझा निळा फोटो आत भिंतीवरच होता, तुझं नाव त्याच्याखाली कधीच नव्हतं. मी आत आले तेव्हा एक गुजराती गृहस्थ तुला विचारत होते, "ये कश्मीर का है ना? बर्फ अच्छा आया है."

"कश्मीर नहीं भाई, भाईंदर है. वेस्ट. बर्फ नहीं, नमक है."

"क्या बात करते हो."

"आप की दाल में जो डालते हो, वही है." तू माझ्याकडे बोट केलंस. "इसने खींचा है. डिजिटल पे."

ते माझ्याकडे असे बघत होते की जणू मीच तो बर्फ पाडलाय. ते गेल्यावर मी काही बोलणार तेवढ्यात तू म्हणालीस, "ठिपके मी बघितलेत हां. लांबून दिसत नाहीत म्हणून लावलाय." आणि पासपोर्ट फोटो कापायला लागलीस. लग्नपत्रिकांवर दुसऱ्यांची नावं लावता लावता माझी तिशी उलटली होती. स्वतःचं नाव कशाच्या तरी खाली छापलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. त्या शोकेसमुळे पुढे दोन कॅलेंडरवाले माझ्याकडे आले, प्रेसमध्ये मालक मला आपणहून खुर्ची द्यायला लागले. हे सगळं तुला माहीत होतं. पण घरी जाताना मी रस्त्याच्या पलीकडे उभी राहून त्या शोकेसकडे किती वेळ बघत होते, ते तुला माहीत नाही. ते आता सांगते.

आणि तू मला बसायला शिकवलंस. त्याआधी मी बसायचे ती कशाची तरी वाट बघत. गाडीची, पार्टीच्या प्रूफची, आईने बघितलेल्या स्थळाच्या फोनची. शटर उघडं असताना करण्यासारखं काहीच नसतं. हललं तर बिघडतं. तुझ्या शेजारी त्या बांधावर बसून मला कळलं की काही न होणारा वेळही चांगला जाऊ शकतो. हे मी तुझ्या फिल्मकडून शिकले, माझ्या कॅमेऱ्याकडून नाही. हे मी वादात कधीच कबूल केलं नसतं.

आपलं शेवटचं बोलणं फोनवर झालं. रोल मिळेनासे झाले होते, धुणारी लॅबही मशीन काढणार म्हणत होती. तू म्हणालीस, "एक डिजिटल बघून ठेव माझ्यासाठी. पण हरले असं समजू नकोस." मी विचारलं, "मग काय समजू?" तू म्हणालीस, "भेटल्यावर सांगते." ते काय होतं ते मला कधीच कळणार नाही. त्याचं मी फार वाईट वाटून घेत नाही. तू काहीही सांगितलं असतंस तरी मी ते मान्य केलं नसतंच.

तेराव्याच्या आधी वसंतदादांनी मला बोलावलं. फोटो हवा होता. तुझ्या दुकानात हजारो माणसांचे चेहरे, आणि तुझा एकही नाही. निवडणुकीच्या ओळखपत्रावरचा होता, त्यात तू कुणावर तरी खटला भरायला निघाल्यासारखी दिसतेस. मी घरी कॉम्प्युटरवर शोधलं. मला आठवत होतं की गेल्या हिवाळ्यात मी तुझा एक काढला होता.

तेव्हा मी तुला राशीच्या पायथ्याशी बसवलं होतं. माणसाचा फोटो नुसत्या चांदण्यावर, फ्लॅश न मारता निघतो का, ते बघायचं होतं. मिनिटभर हलायचं नाही असं बजावलं होतं. तू बसलीस, मी बटण दाबलं आणि तू लगेच बोलायला लागलीस. मी खुणेने गप्प बस म्हणतेय, तुला खूण कशी दिसणार? मिनिटभर तू बोलतच होतीस. स्क्रीनवर बघितलं तर रास स्पष्ट, तुझी साडी स्पष्ट, मांडीवरचे हात स्पष्ट आणि चेहरा धुक्यासारखा. ओठांच्या जागी नुसती हालचाल. मी म्हटलं, "गेला. पुसून टाकते." तू माझा हात धरलास. "पुसू नकोस. फिल्मवर पुसता आला असता का? जो निघाला तो निघाला. ठेव."

म्हणून तो राहिला होता. मी तो प्रेसमध्ये मोठा करून घेतला, पण तुमच्या घरी नेताना मनात एकच विचार होता. चेहरा नसलेला फोटो हार घालायला कसा द्यायचा? वसंतदादांनी बघितला आणि ते संकोचून म्हणाले, "चांगला आहे, पण तोंड दिसत नाही ना गं. लोक काय ओळखणार?"

मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. तू गेल्यापासून त्या बोलतच नव्हत्या, विचारलं तर मान हलवायच्या. त्यांनी हात पुढे केला. दादांनी फोटो दिला. त्यांनी तो मांडीवर ठेवला, दोन्ही हातांनी धरला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"ह्योच लाव," त्या म्हणाल्या.

"आये, तोंड हाललाय त्याच्यान."

"बोलते हाय ना ती. कवा गप बसली ती?" मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "काय बोलत व्हती गं तवा?"

मला काहीतरी मोठं सांगावंसं वाटलं. सगळे माझ्याकडे बघत होते, वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. पण तू काय बोलत होतीस ते मला नीट आठवत होतं आणि तुझ्या आईशी मला खोटं बोलवेना.

"पायाला मुंग्या आल्यात म्हणत होती," मी म्हटलं. "सारखं तेच. आटप नीलू, मुंग्या आल्यात, पाय मेलाय माझा, तू फोटो काढतेस की पाया खणतेस."

मावशींनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं त्या रडतायत. पण त्यांचे खांदे हलत होते ते हसण्याने. दादाही हसले, मग वहिनी. तू गेल्यानंतर त्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी हसलं, कुंदा, आणि हसवलंस तूच.